दिवाळीची पोस्ट पितृपंधरवड्यातच तयार ठेवा



दिवाळी झाल्यावरच्या बैठकीत एक वाक्य बऱ्याच गटांत ऐकू येतं. "माल चांगला होता गं, पण लोकांना कळलंच नाही." फोन उघडून बघावं, तर वसुबारसेच्या दिवशी एक फोटो टाकलेला असतो. टेबलावर दहा डबे मांडलेले, आणि खाली "फराळ तयार आहे, संपर्क करा" एवढंच. पण तोवर शहरातल्या ताईनं फराळ दुसरीकडे सांगून टाकलेला असतो. आपला फोटो बघून ती अंगठा देते आणि पुढे जाते.

उरलेला माल मग निम्म्या भावात जातो, नाहीतर पाहुण्यारावळ्यांत वाटला जातो. कच्च्या मालासाठी गटातून उचललेल्या कर्जाचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला दारात उभा राहतो.

यंदाच्या दिवाळीला अजून वेळ आहे. व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, इन्स्टाग्रामवर काय टाकायचं, कधी टाकायचं आणि ते आधी कसं ठरवून ठेवायचं, हे या लेखात एकेक पायरीनं बघू. उदाहरण फराळाचं घेतलं आहे. तुमचा माल पापड, मसाला, गोधडी, राखी असा काहीही असला तरी रीत हीच.

आपल्याला हे नवीन नाही

"आम्हाला कुठे जमणार सोशल मीडिया" असं म्हणू नका. गटाची पंचसूत्री आठवा : नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित लेखे. पाचही सूत्रांत पहिला शब्द 'नियमित' आहे. पोस्टचंही तेच आहे. एका दिवशी दहा फोटो आणि मग दोन महिने काहीच नाही, यापेक्षा आठवड्याला ठरलेल्या तीन पोस्ट बऱ्या. आणि नियमित करायचं म्हणजे आधी ठरवून ठेवावं लागतं. कारण ऐन घाईत कढई सांभाळायची की फोन, या भांडणात फोनच मागे पडतो, आणि पडणारच.

आधी ठरवण्याचा खरा फायदा पैशाचा आहे. पोस्ट आधी गेली की ऑर्डर आधी येते. ऑर्डर आधी आली की निम्मा अ‍ॅडव्हान्स घेता येतो. त्या पैशात डाळ, तेल, साखर भरता येते, तेवढं कर्ज कमी उचलावं लागतं. शिवाय किती करायचं हे कळल्यामुळे माल उरत नाही. पोस्टचं नियोजन म्हणजे खरं तर मालाचं आणि पैशाचं नियोजन.

पायरी १ : भिंतीवरचं कॅलेंडर खाली उतरवा

ज्या कॅलेंडरवर आपण दुधाचे खाडे लिहितो, तेच घ्या. वेगळं अ‍ॅप लागत नाही. लाल पेनानं आपल्या मालाचे सण गोल करा.

इथे एक काळजी घ्या. गेल्या वर्षीच्या तारखा डोक्यात धरून बसू नका. आपले बहुतेक सण तिथीवर चालतात. यंदा, २०२६ मध्ये, १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ आला. धोंड्याच्या महिन्यात जावयाच्या वाणासाठी अनारसे करणाऱ्या गटांना तो चांगलाच लक्षात असेल. त्या महिन्यामुळे पुढचे सगळे सण लांबले. गेल्या वर्षी लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, यंदा ते ८ नोव्हेंबरला आहे. म्हणजे अठरा दिवसांचा फरक. गेल्या वर्षीच्या अंदाजानं भाजणी दळून ठेवली, तर ती यंदा अडीच आठवडे जास्त पडून राहील. संक्रांत तेवढी सूर्यावर चालते, म्हणून ती दरवर्षी १४ किंवा १५ जानेवारीलाच येते.

यंदाच्या तारखा अशा : राखीपौर्णिमा २८ ऑगस्ट, गणेश चतुर्थी १४ सप्टेंबर, घटस्थापना ११ ऑक्टोबर, दसरा २० ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबर.

सणांबरोबर आपल्या अडचणीचे दिवसही काळ्या पेनानं लिहा. भातकापणी, सोयाबीनची काढणी, गावची जत्रा, मुलांच्या परीक्षा, गटातल्या कुणाच्या घरचं लग्न. त्या दिवसांत हात कमी असणार हे आजच कळतं. आजच कळलं की त्यावर उपाय करता येतो.

पायरी २ : उलटं मोजा

लग्नाची तारीख ठरली की आपण मागे मागे मोजत येतो. हळद कधी, बस्ता कधी, पत्रिका कधी. तसंच इथे करायचं. माल गिऱ्हाइकाच्या हातात कधी पडायला हवा, तिथून सुरू करा.

फराळ घरोघरी ५ नोव्हेंबरपर्यंत पोचायला हवा. त्याआधी साधारण दहा दिवस करण्यात जाणार, म्हणजे २६ ऑक्टोबरला कढई चढायला हवी. त्याआधी किराणा भरायचा, आणि तो किती भरायचा हे कळायला ऑर्डर हाती हव्यात. म्हणून ऑर्डर घ्यायला घटस्थापनेपासून सुरुवात. पहिली पोस्ट ११ ऑक्टोबरला जाणार असेल, तर फोटो आणि मजकूर त्याच्याआधी तयार हवा.

आता कॅलेंडर बघा. गणपती गेले की पितृपंधरवडा लागतो, तो १० ऑक्टोबरला संपतो. त्या दिवसांत बरेच लोक नवीन खरेदी टाळतात, त्यामुळे विक्रीच्या पोस्टला तेव्हा फारशी धार नसते. आपल्याला मात्र तेच पंधरा दिवस सोयीचे. फोटो काढा, मजकूर लिहा, दर ठरवा. घट बसले की नोंदणी सुरू. तिथून लक्ष्मीपूजनापर्यंत बरोबर चार आठवडे मिळतात.

ज्यांची मुलं परदेशात आहेत अशी जुनी गिऱ्हाइकं असतील, त्यांची घाई सगळ्यांच्या आधी असते. त्यांचं पार्सल लवकर निघावं लागतं. त्यांना पोस्टवर सोडू नका. सप्टेंबरातच फोन करून विचारा आणि त्यांच्यापुरता माल आधी करून द्या.

पायरी ३ : किती करू शकतो, ते आधी मांडा

पोस्ट टाकण्याआधी हा हिशेब फळ्यावर लिहा. समजा, गटात दहाजणी आहेत. त्यातल्या सहाजणी रोज येऊ शकतात. दिवसाला २० किलो फराळ होतो. दहा दिवसांचे झाले २०० किलो. पण एखाद दिवस लाइट जाते, कुणी आजारी पडतं, कुणाकडे अचानक पाहुणे येतात. म्हणून पाचवा हिस्सा बाजूला ठेवा. उरले १६० किलो, म्हणजे एक किलोचे १६० डबे. एवढीच नोंदणी घ्यायची.

डब्याला समजा ६०० रुपये दर ठरला. १६० डब्यांचे ९६ हजार रुपये. निम्मा अ‍ॅडव्हान्स घेतला तर ४८ हजार रुपये कढई चढण्याआधी गटाच्या खात्यात येतात. तुमचे आकडे वेगळे असतील, पण मांडणी हीच करा. अ‍ॅडव्हान्स कुणाच्या वैयक्तिक खात्यात न घेता गटाच्याच खात्यात घ्या, म्हणजे लेखे सरळ राहतात.

हा आकडा पोस्टमध्येही कामाला येतो. "फक्त १६० डबे घेणार आहोत" असं पहिल्या पोस्टमध्ये सांगा. १३० भरले की "आता ३० राहिले" असं सांगा. आकडा मात्र खरा हवा. ३० राहिले म्हणून सांगायचं आणि मागून दोनशे ऑर्डर घ्यायच्या, हे एकदा उघडं पडलं की पुढच्या वर्षी कुणी विश्वास ठेवत नाही. आणि वीस डबे वेळेवर पोचले नाहीत, तर वीस घरांच्या दिवाळीत आपलं नाव निघतं, ते चांगल्या कारणानं नाही.

पायरी ४ : टाकायचं काय? चार 'म' लक्षात ठेवा

रोज "घ्या, घ्या" म्हणणाऱ्याकडे बाजारातसुद्धा लोक बघत नाहीत. म्हणून पोस्ट चार प्रकारच्या ठेवा.

माल : डब्यात काय काय आहे, वजन किती, दर किती, कुठे मिळेल, शेवटची तारीख कोणती. यातलं एकही गाळू नका. "दरासाठी मेसेज करा" असं लिहिलं की निम्म्या बाया विचारतच नाहीत.

मेहनत : आपण ते कसं करतो. भाजणीचं एकेक धान्य वेगळं भाजताना, लाडू वळताना, सुपात रवा पाखडताना. शहरातल्या ताईला हेच बघायचं असतं, कारण तिच्या आईच्या घरी तिनं हे बघितलेलं असतं.

माहिती : तिच्या उपयोगाची गोष्ट. चकली तेलात विरघळली तर मोहन जास्त झालं, कडक झाली तर कमी पडलं. एवढ्या दोन ओळींची पोस्ट लोक जपून ठेवतात आणि बहिणीला पाठवतात.

मत : गिऱ्हाइकाचं मत. गेल्या वर्षी कुणी "लाडू अगदी आईच्या हातचे" असा मेसेज केला असेल, तर तिला विचारून तो टाका. विचारल्याशिवाय कुणाचं नाव, नंबर, फोटो टाकायचा नाही.

मजकूर लिहिताना छापील जाहिरातीची भाषा नको. "उत्कृष्ट दर्जाची चविष्ट उत्पादने" हे सगळेच लिहितात. तुम्ही बैठकीत बोलता तसं लिहा. हा नमुना बघा :

"भाजणी आज दळून आणली. तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ, मूग डाळ, पोहे, धणे, जिरे, सगळं वेगवेगळं भाजलंय. ज्यांना चकली घरी करायचीय त्यांच्यासाठी अर्धा किलो आणि एक किलोची पाकिटं. दसऱ्यापर्यंत सांगा, म्हणजे पुढच्या आठवड्यात हातात मिळेल."

यात माल, मेहनत आणि तारीख तिन्ही आलं, आणि वाचताना बाई बोलतेय असं वाटलं.

पायरी ५ : एका सकाळी महिन्याचे फोटो

पितृपंधरवड्यातला एक दिवस ठरवा. प्रत्येक पदार्थ थोडा थोडा, नमुन्यापुरता करा. फोटोही होतील आणि चवही तपासली जाईल.

फोटो सकाळी नऊच्या आत पडवीत किंवा दारात काढा. भर दुपारच्या उन्हात सावल्या काळ्या पडतात आणि रात्री बल्बखाली लाडू पिवळट दिसतात. स्टीलच्या ताटात उजेड चकाकतो, त्यापेक्षा पाट, सूप, केळीचं पान किंवा साधं सुती कापड घ्या. फोटो काढण्याआधी फोनच्या कॅमेऱ्याची काच पदरानं पुसा. पिठाचा हात लागून ती धुरकट झालेली असते आणि आपल्याला वाटतं फोनच वाईट.

मागे काय दिसतंय ते बघा. वाळत घातलेले कपडे, चपला, गॅसची नळी बाजूला करा. हातांचा फोटो असेल तर नखं कापलेली, केस टोपीत. खाण्याच्या मालात गिऱ्हाईक हे आधी बघतं. पाकिटाचा एक फोटो असा काढा की वजन, तारीख आणि अन्न नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक वाचता येईल.

दुसऱ्याचे फोटो इंटरनेटवरून उचलू नका. त्या फोटोतली करंजी आणि आपल्या डब्यातली करंजी वेगळी निघाली की तक्रार येते, आणि ती रास्त असते.

काढलेले फोटो फोनमध्ये 'दिवाळी' नावाच्या वेगळ्या अल्बममध्ये ठेवा, नाहीतर शुभेच्छांच्या फोटोंच्या ढिगात ते सापडत नाहीत.

पायरी ६ : चार आठवड्यांचा तक्ता

आठवड्याला तीन, चार आठवड्यांच्या बारा पोस्ट. हा नमुना आपल्या गटाप्रमाणे बदला आणि वहीत उतरवून घ्या.

पहिला आठवडा
११ ऑक्टोबर, घटस्थापना : गेल्या वर्षीच्या गिऱ्हाइकाचं मत आणि "नोंदणी सुरू, १६० डबे".
१३ ऑक्टोबर : भाजणी भाजतानाचा छोटा व्हिडिओ, भाजणीची पाकिटं मिळतील.
१६ ऑक्टोबर : डब्यात काय काय, वजन, दर. परगावी पाठवायच्या ऑर्डर दसऱ्यापर्यंतच.

दुसरा आठवडा
१८ ऑक्टोबर : अनारशाच्या पिठाची माहिती. तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून कसं करतो ते. पीठ विकत मिळेल.
२० ऑक्टोबर, दसरा : शुभेच्छा, आणि "परगावच्या ऑर्डर आज रात्री बंद".
२३ ऑक्टोबर : चकली का बिघडते, मोहन किती.

तिसरा आठवडा
२६ ऑक्टोबर : कढई चढली, त्या दिवशीचा ताजा फोटो.
२८ ऑक्टोबर : पहिली पार्सलं निघाली. पाकिटावरचे पत्ते आणि नंबर झाकून फोटो घ्या.
३१ ऑक्टोबर : किती डबे राहिले तो आकडा, आणि "नोंदणी आज बंद".

चौथा आठवडा
२ नोव्हेंबर : लाडू वळणाऱ्या मैत्रिणी, त्यांच्या परवानगीनं.
४ नोव्हेंबर : डबे भरले. कुठून आणि किती वाजता न्यायचे ते.
८ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन : नुसत्या शुभेच्छा आणि आभार. त्या दिवशी काही विकायचं नाही.

यातल्या २६, २८, २ आणि ४ तारखेच्या पोस्टना फोटो त्या दिवशीचाच लागेल, पण मजकूर आधी लिहून ठेवता येतो. ३१ तारखेला फक्त आकडा भरायचा. बाकीच्या सगळ्या पोस्ट घटस्थापनेआधीच तयार होतात.

पायरी ७ : वेळ लावून ठेवा

फेसबुक पेज आणि इन्स्टाग्रामचं व्यावसायिक खातं असेल, तर 'मेटा बिझनेस सूट' नावाचं अ‍ॅप फुकट मिळतं. त्यात पोस्ट तयार करून 'शेड्यूल' निवडायचं, तारीख आणि वेळ द्यायची. त्या वेळी पोस्ट आपोआप जाते. गावात रेंज फक्त टेकडीवर मिळत असेल, तर तिथे एकदाच जाऊन आठवड्याचं काम उरकता येतं. गटातल्या कुणाच्या मुलीला किंवा सीआरपी ताईला एकदा शेजारी बसवा आणि स्वतःच्या बोटांनी करून बघा. तिनं करून दिलं तर ते तिलाच येईल.

व्हॉट्सअ‍ॅपचं स्टेटस आपणच ठेवायचं आणि ते २४ तासांत निघून जातं. म्हणून बारा पोस्टचे मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच मेसेज करून ठेवा. त्या दिवशी फक्त उचलायचं आणि चिकटवायचं. फोनमध्ये गजर लावा. वेळ आपल्या गिऱ्हाइकाची बघा. नोकरी करणारी ताई सकाळच्या गडबडीत फोन बघत नाही, दुपारच्या डब्याच्या वेळी किंवा रात्री जेवणं झाल्यावर बघते.

व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबर मावतात. पण ज्यांनी आपला नंबर त्यांच्या फोनमध्ये सेव्ह केलाय, त्यांनाच तो मेसेज पोचतो. म्हणून डबा देताना प्रत्येकीला सांगा, "ताई, आमचा नंबर सेव्ह करा हं." आणि यादीवर महिन्यातून दोन-तीनदाच पाठवा. रोज पाठवलं की लोक ब्लॉक करतात.

'व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस' हे वेगळं अ‍ॅप आहे, तेही फुकट. त्यात मालाची यादी फोटोसह आणि दरासह ठेवता येते. नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं तयार ठेवता येतात. "दर काय? कधी मिळेल? कुरिअर करता का?" या तीन प्रश्नांची उत्तरं पितृपंधरवड्यातच लिहून ठेवा. पोस्ट टाकली आणि मेसेजला दोन दिवस उत्तर नाही, तर टाकलेली पोस्ट वाया गेली.

ठरलेलं मोडावं लागलं तर

गावात कुणी गेलं, आणि त्याच दिवशी आपलं हसरं पोस्टर आपोआप गेलं, तर बरं दिसत नाही. म्हणून वेळ लावलेली पोस्ट जायच्या आदल्या रात्री एकदा बघायची, आणि ते काम कोणाचं हेही ठरवून ठेवायचं. शेड्यूल केलेली पोस्ट थांबवता येते, पुढे ढकलता येते.

तेलाचा, डाळीचा भाव मध्येच वाढतो. म्हणून दर लिहिताना पुढे "३१ ऑक्टोबरपर्यंतच्या नोंदणीसाठी" असं लिहा. ज्यांनी अ‍ॅडव्हान्स दिला त्यांना ठरल्या दरातच द्यायचं. आणि एखादा घाणा बिघडला, तर त्या ताईंना आपणहून फोन करून सांगा. उशीर लोक समजून घेतात, पण फोन न उचलणं समजून घेत नाहीत.

नंबर कोणाचा, पासवर्ड कोणाकडे?

हा प्रश्न लहान वाटतो, पण यावर चालते धंदे अडतात. पेज गटातल्या कुणाच्या मुलीनं उघडून दिलेलं असतं. ती लग्न होऊन सासरी जाते, किंवा शिकायला जाते, आणि पासवर्ड तिच्याबरोबर जातो. कधी नंबर घरातल्या दादाच्या नावावर असतो. तो रानात गेला की दिवसभर ऑर्डरला उत्तर नाही.

जमल्यास धंद्यासाठी वेगळं सिम घ्या. फेसबुक पेजवर गटातल्या दोघींना पूर्ण अधिकार द्या. पासवर्ड लिहून, बंद पाकिटात, गटाच्या पेटीत ठेवा आणि तसा ठराव कार्यवाही वहीत लिहा. फोनवर येणारा सहा अंकी कोड कुणी कितीही गोड बोलून मागितला तरी द्यायचा नाही.

पेज नावारूपाला आलं की भामटेही येतात. "मी सैन्यात आहे, पन्नास डबे हवेत, पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा" असा फोन आला तर तिथेच ठेवून द्या. पैसे घेण्यासाठी क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा, लाजून गप्प बसू नका. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे थांबवायची शक्यता जास्त.

लाइक मोजू नका, ऑर्डर मोजा

ऑर्डर वहीत एक रकाना वाढवा : "कुठून कळलं?" प्रत्येकीला विचारा आणि लिहा. स्टेटस, फेसबुक, बहिणीनं सांगितलं, गेल्या वर्षी घेतलं होतं. दिवाळीनंतर तो रकाना मोजा. शंभर लाइकच्या पोस्टवर एक ऑर्डर आली असेल आणि वीस जणींनी बघितलेल्या स्टेटसवर आठ, तर पुढच्या वर्षी जोर कुठे द्यायचा हे वहीच सांगेल. व्हिडिओ करण्यात दोन तास जातात, तेही मजुरीत धरा. आपल्या वेळेला किंमत आहे.

फराळ करत नसाल तर

राखी करणाऱ्यांनी २८ ऑगस्टपासून मागे मोजा. भावाला पोस्टानं राखी पाठवणारी बहीण दोन आठवडे आधी घेते, म्हणून आपला फोटो तिला त्याआधी दिसायला हवा. उन्हाळी पापड-कुरडया करणाऱ्यांनी नोंदणी होळीच्या आधी घ्यावी, म्हणजे ऊन तापलं की सरळ कामाला लागता येतं. तिळगूळ आणि वाणाच्या वस्तूंसाठी डिसेंबरचा दुसरा आठवडा गाठा. प्रत्येक मालाला स्वतःचं उलटं कॅलेंडर असतं. ते एकदा वहीत मांडलं की दरवर्षी फक्त तारखा बदलायच्या.

पुढच्या मासिक बैठकीत हे करा

१. कॅलेंडर मध्ये ठेवा. लाल आणि काळे दिवस गोल करा.
२. दिवसाला किती माल होतो ते मांडा, पाचवा हिस्सा वजा करा, नोंदणीचा आकडा ठरवा.
३. दर, अ‍ॅडव्हान्स आणि शेवटची तारीख ठरवून ठराव लिहा.
४. कामं वाटा : फोटो एकीकडे, मजकूर दुसरीकडे, मेसेजना उत्तरं तिसरीकडे, अ‍ॅडव्हान्सचा हिशेब लेखापाल ताईकडे. सगळं एकीवर टाकू नका. तिच्या घरी अडचण आली की सगळंच थांबतं.
५. बारा पोस्टचा तक्ता वहीत उतरवा आणि फोटोची सकाळ कोणती ते ठरवा.

ज्यांना लिहिता येत नाही त्या मैत्रिणींना या कामातून वगळू नका. भाजणीचं प्रमाण तोंडपाठ असतं ते बहुधा त्यांनाच. त्यांनी सांगायचं, दुसरीनं लिहायचं. मजकूर त्यांच्याच शब्दांत ठेवला तर तो जास्त गोड होतो.

बारा पोस्टचा तक्ता झाला की त्याची एक प्रत ग्रामसंघाच्या बैठकीतही घेऊन या. दोन गटांचा माल सारखा असेल तर तारखा बोलून ठरवता येतील, आणि एकीकडे नोंदणी भरली की पुढची ऑर्डर शेजारच्या गटाकडे पाठवता येईल.